मिस ऑगस्टाचा दोर कुणी धरेना

व्हर्ना गॅस्किल गोड बाई होती असं कुणी म्हणालं, तर खुशाल समजावं की या माणसाने तिला पाहिलेलीच नाही. उभा जन्म तिने बेलहेवनमध्ये शाळेची बस चालवली. मागच्या बाकावरची पोरं दंगा करायला लागली की ती ओरडायची नाही, आरशातून नुसती बघायची, आणि पोरं बसायची. तिची ती नजर म्हातारपणीही शाबूत होती. नवरा हॉयट मात्र लोण्याचा गोळा. कोळंबीच्या वखारींतली बर्फाची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली, आणि गावात एकाही माणसाशी त्याचं वाकडं नव्हतं. दोघांना मूलबाळ नव्हतं. कुणीतरी परसात सडायला टाकलेली एक जुनी लाकडी बोट हॉयटने उचलून आणली, आठ हिवाळे तिच्याशी झटापट केली आणि तिचं नाव ठेवलं ‘मार्श हेन’. निवृत्त झाल्याच्या पहिल्याच थंडीत दोघांनी घराला कुलूप घातलं आणि चरात उतरले.

चर म्हणजे समुद्राच्या आतल्या अंगाने व्हर्जिनियापासून फ्लोरिडापर्यंत जाणारा पाण्याचा रस्ता. खाड्या, नद्या, खाजणं, मधे मधे खणलेले कालवे, आणि ठरलेल्या वेळीच बोटींसाठी उघडणारे पूल. थंडी पडली की आमच्या सगळ्या बोटी चरातून खाली दक्षिणेला जातात आणि उन्हं तापली की परत वर येतात. संध्याकाळी एखाद्या खाडीत पाचसहा बोटी नांगर टाकतात. मग ज्याची त्याची छोटी होडी पाण्यात उतरते आणि हा त्याच्याकडे, तो ह्याच्याकडे. कुणी उकडलेल्या शेंगा आणतं, कुणी मक्याची भाकरी, कुणी बाटली. इथे कुणाला आडनाव नसतं. मार्श हेनची व्हर्ना, लाँगलीफचा प्रेंटिस, असंच चालतं. बोट ओळखली की माणूस ओळखला, आणि एकमेकांच्या जन्मकुंडल्या मांडायच्या नाहीत अशी पद्धत.

आणखी एक पद्धत आहे, तिच्यापायी हॉयट गेला. मोठी, वेगाची बोट मागून आली की तिने रेडिओवर सांगायचं, मी पुढे जातेय. मग पुढच्या छोट्या बोटीने आपलं इंजिन जवळजवळ बंदच करायचं. का, तर ती थांबल्यासारखी झाली म्हणजे मोठीलाही हळू होऊन पुढे सरकता येतं, आणि तिच्या मागच्या लाटांनी कुणाच्या फळीवरची बशीसुद्धा हलत नाही. दोघांनी पाळायची रीत आहे ही. एकाने पाळली आणि दुसऱ्याने नाही, तर पाळणाऱ्याचंच मरण.

त्या सकाळी मागून एक निळीशार, दुमजली यॉट आली. रेडिओवर नाव सांगितलं, मिस ऑगस्टा. व्हर्नाने रीतीप्रमाणे इंजिन मंद केलं आणि हॉयटला सांगितलं, आता सगळं शांत राहील, तुला ते गळतं पॅकिंग बघायचं होतं ना, बघून घे. हॉयटने जमिनीची फळी उचलली आणि इंजिनाच्या खड्ड्यावर वाकला. मिस ऑगस्टाने वेग रेसभरही कमी केला नाही. व्हर्नाने माइक उचलून ओरडून सांगितलं, तेव्हा खरखरीतून एकच वाक्य आलं, “पूल उघडायची वेळ गाठायचीय, बाई.” आणि माणूसभर उंचीची लाट आडवी आली. थांबलेल्या बोटीला लाटेवर तोंड फिरवता येत नाही. मार्श हेन कुशीवर गेली, हॉयट तोल जाऊन खड्ड्यात कोसळला. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात छातीत कफ झाला आणि थंडी संपायच्या आत तो गेला.

व्हर्नाने तक्रार केली. साक्षीदार कोण, असं विचारलं गेलं. त्या वळणावर साक्षीला होत्या फक्त खाजणातल्या पाणकोंबड्या. प्रकरण तिथेच मिटलं. लोकांना वाटलं, आता ही बोट विकेल आणि बेलहेवनला जाऊन गप्प बसेल. व्हर्नाने हॉयटची राख पॅम्लिको नदीत सोडली, पॅकिंग स्वतः बदललं आणि पुढच्या थंडीत एकटी चरात उतरली. कुणी विचारलंच की कशाला, तर म्हणायची, “एक बोट शोधायचीय.”

कुणाला तिने धमकी दिली नाही, कुणाला शिव्या दिल्या नाहीत. दर संध्याकाळी ज्या बोटीवर पेला हातात घेऊन बसेल तिथे ती फक्त घडलं तसं सांगायची. बसच्या आरशातून बघावं तशी समोरच्याकडे बघत, एकही शब्द न वाढवता. गोष्ट तिच्याआधी पुढच्या खाडीत पोचू लागली. दोन हंगामांत नॉरफोकपासून फ्लोरिडापर्यंत मिस ऑगस्टा वाळीत पडली. धक्क्याला आली तर दोर धरायला कुणी पुढे होईना. नांगर टाकायला आली की असलेल्या बोटी साखळी सैल सोडून अशा पसरायच्या की तिला जागाच उरू नये. रेडिओवर तिने पुढच्या पाण्याची खोली विचारली की सगळा चर मुका. खोली न सांगणं हे आमच्याकडे तहानलेल्याला पाणी नाकारण्यासारखं, पण मिस ऑगस्टाला ते नाकारलं गेलं. मागच्या डेकवर एक टकलू गृहस्थ आणि त्याची बायको चीज, बिस्किटं, अर्धा डझन पेले मांडून बसलेले दिसायचे. काळोख पडेपर्यंत एकही होडी त्यांच्याकडे वळायची नाही. व्हर्ना दुर्बिणीतून ते बघायची, आणि खोटं कशाला बोला, त्या रात्री तिला झोप छान लागायची.

पुढे डेकवर बायको दिसेनाशी झाली. गृहस्थ एकटाच बिस्किटं मांडू लागला. व्हर्ना म्हणाली, “एकटं जेवायला कसं वाटतं ते कळू दे आता त्याला.”

हे ती म्हणाली प्रेंटिसला. प्रेंटिस म्हणजे लाँगलीफ या शिडाच्या बोटीचा मालक. उंच, वाकलेला, कमी बोलणारा. हॉयट गेल्यानंतरच्या दुसऱ्या हंगामात तो चरात आला आणि का कोण जाणे, मार्श हेनच्या आसपासच नांगर टाकू लागला. व्हर्नाचा पाण्याचा पंप बिघडला, तो त्याने दुरुस्त केला. वादळाचा इशारा आला तेव्हा स्वतःचा जादा नांगर तिला आणून दिला. हळूहळू दोघं जोडीनेच प्रवास करू लागले. व्हर्ना पुढे, प्रेंटिस मागे. मार्श हेनला साडेतीन फूट पाणी पुरायचं, लाँगलीफच्या पोटाखालचं, तिला उभं धरणारं शिसाचं पातं साडेपाच फूट खोल. म्हणून व्हर्ना पुढे जाऊन खोली मोजायच्या यंत्रावरचा आकडा रेडिओवर सांगायची आणि प्रेंटिस तिच्या वाटेवर वाट ठेवून यायचा. हॉयटची गोष्ट त्याने इतक्यांदा ऐकली होती की ती सांगताना व्हर्ना अडली तर पुढचा शब्द तो द्यायचा. मिस ऑगस्टा दिसली की सगळ्यांच्या आधी तो पाठ फिरवायचा. व्हर्नाला त्याचं कौतुक वाटायचं. म्हणायची, मैत्री करावी तर अशी.

हॉयट गेल्यानंतरच्या चौथ्या हंगामात, जॉर्जियाच्या खाजणात, टिमन्सची खाडी म्हणतात तिथे सगळ्या बोटी थांबल्या होत्या. पुढचा टिमन्सचा कालवा गाळाने भरलेला, आणि पौर्णिमेचं उधाण तोंडावर. दुपार कलती झाली होती. मिस ऑगस्टा सगळ्यांपासून लांब, प्रवाहाच्या तोंडाशी पडली होती, कारण जवळ जागा कुणी दिली नव्हती. व्हर्ना मागच्या बाजूला कोळंबी सोलत बसली होती, तेवढ्यात तिच्या बोटीला एक होडी लागली. बघते तर तो टकलू गृहस्थ.

वर ये म्हणायचा तर प्रश्नच नव्हता. तो होडीतच उभा राहिला, हाताने मार्श हेनचा कठडा धरून. आवाज अगदी खाली.

“बाई, माझं नाव ऑरिन. तुमच्याकडून कळेल असं मला सांगितलं गेलं. मी कुणाचं काय केलंय?”

व्हर्नाने सुरी खाली ठेवली नाही. चार वर्षं जपून ठेवलेलं सगळं तिने त्याच्या तोंडावर मारलं. वळण कुठलं, वेळ कोणती, पुलाचं ते वाक्य, हॉयटचा खुबा, इस्पितळातला शेवटचा आठवडा. ती थांबल्यावर ऑरिनने कठड्यावरचा हात काढला, परत ठेवला.

“ही बोट मी घेऊन अडीच वर्षं झाली,” तो म्हणाला. “चार्ल्सटनला घेतली. नाव बदलायचं होतं माझ्या मॅक्सीनला, पण बोटीचं नाव बदलू नये म्हणतात. म्हणून राहू दिलं.” मग म्हणाला, “मॅक्सीन ओहायोला परत गेली. म्हणाली, इथल्या लोकांना आपण आवडत नाही. मी म्हटलं, असं कसं, लोक चांगले असतात.”

व्हर्नाने आता सुरी खाली ठेवली. आमच्याकडे नाव बदलणं अशुभ हे शेंबड्या पोराला माहीत, मग बोट विकली तरी नाव तेच राहणार, हे तिला चार वर्षांत सुचू नये? तिलाच काय, सबंध चरात एकालाही सुचलं नव्हतं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

“कुणी विकली तुला?” तिने विचारलं.

“कुणी म्हणजे?” ऑरिनला प्रश्नच कळेना. त्याने वळून खाडीपलीकडे हात केला. “तो काय. तुमचा शेजारी. ती शिडाची बोट. पाण्यात उतरली तेव्हापासून ही त्याचीच होती. मी त्याला दोनदा हात केला, पण त्याने ओळखसुद्धा दाखवली नाही.”

ऑरिन गेल्यावर व्हर्नाने उरलेली कोळंबी सोलली. तिला आठवत होतं ते इतकंच की या माणसाला तिने हॉयटचा लोकरी कोट दिला होता, थंडी वाजतेय म्हणून. हॉयटच्या खुर्चीवर बसवून वाढलं होतं. आणि तो बसला होता, जेवला होता, गोष्टीतला अडलेला शब्द पुरवत होता. लाट मारली ती एकदा, घाईत, माज म्हणा, गाढवपणा म्हणा. पण समोर बसून दुसऱ्याला वाळीत जाऊ देणं हे रोजचं होतं, ठरवून केलेलं होतं. पश्चात्ताप झाला असेल म्हणून बोट विकली, मान्य. पंप दुरुस्त केला, मान्य. त्याच्या पश्चात्तापाचं भाडं मात्र ऑरिन भरत होता.

संध्याकाळी प्रेंटिस नेहमीप्रमाणे शेंगांचं भांडं घेऊन आला. अंगात तोच कोट. व्हर्नाने त्याला पेला दिला, कोळंबी वाढली. इकडचं तिकडचं झालं. मग तिने सहज विचारावं तसं विचारलं, “लाँगलीफच्या आधी तुझ्याकडे कुठली बोट होती रे? कधी बोलला नाहीस.”

प्रेंटिसने शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले.

“होती एक छोटी. सुझॅना,” तो म्हणाला. “मासे पकडायची. काही विशेष नव्हती.”

व्हर्नाने मान डोलावली आणि त्याच्या ताटात आणखी कोळंबी घातली. त्याने खरं सांगितलं असतं तर तिने काय केलं असतं, हे पुढे तिला अनेकांनी विचारलं. तिचं उत्तर ठरलेलं असायचं, की त्याने सांगितलं नाही. निघताना प्रेंटिसने उद्याचं विचारलं. गाळाचा कालवा, भरती चढत असतानाच शिरावं ना, म्हणजे रुतलोच तर पाणी उचलून काढेल. ही अक्कल चरातल्या प्रत्येकाला असते. व्हर्ना म्हणाली, “कशाला? भरती पूर्ण झाल्यावर निघू. उधाण आहे, तेव्हा सगळ्यात जास्त पाणी असतं. मी असतेच पुढे.” तो म्हणाला, बरं. तिने सांगितलं आणि त्याने मानलं नाही असं कधी झालंच नव्हतं.

सकाळी पाणी काठोकाठ चढलं होतं. गवताची नुसती टोकं वर. भरतीच्या वेळी कालवा आणि खाजण एकसारखं दिसतं, कुठे रस्ता संपतो आणि चिखल सुरू होतो ते डोळ्याला कळत नाही. व्हर्नाला ते पाठ होतं. वाट दाखवायला कालव्याच्या एका काठाला लाल खांब, दुसऱ्याला हिरवे, आणि खोल पाणी लाल खांबांच्या अंगाने वळण घेतं. तिने मार्श हेन हिरव्या खांबांच्या बाजूला घातली, खांबाच्याही आत, चिखलाच्या पाठीवरून. यंत्र दाखवत होतं साडेचार फूट. तिने माइक उचलला.

“लाँगलीफ, नऊ फूट आहे. सगळीकडे नऊ. माझ्या मागेच ये, वेग कमी करू नकोस, प्रवाह आडवा आहे.”

“आलोच,” प्रेंटिस म्हणाला.

मार्श हेनच्या पोटाखालून चिखल फूटभर अंतराने सरकत गेला. व्हर्नाने मागे वळून पाहिलं. लाँगलीफ पूर्ण वेगात आली, अचानक पुढे झुकली, शिडाचा खांब घोड्याने मान टाकावी तसा खाली गेला आणि परत वर आला. मग ती जागची हलेना. शिसाचं पातं फूटभर चिखलात घुसून नांगरत गेलं होतं. आणि त्या घटकेपासून पाणी उतरायला लागलं. उधाणाच्या माथ्यावर रुतलेली बोट पुढच्या उधाणाशिवाय निघत नाही. तोवर दर ओहोटीला ती कुशीवर पडणार, आत भांडी, पुस्तकं, तेल, माणूस, सगळं एका भिंतीवर गोळा होणार, आणि दक्षिणेला चाललेला सबंध चर शेजारून बघत जाणार. व्हर्नाला हेच हवं होतं, तसंच्या तसं मिळालं होतं. तिने इंजिन मंद केलं आणि मनसोक्त पाहून घेतलं. मन गार झालं.

मागून एकेक बोट लाल खांबांच्या बाजूने येत होती. लोक डेकवर येऊन बघत होते, पण पाणी उतरत असताना थांबायची कुणाची छाती नव्हती. मग निळी मिस ऑगस्टा आली. तिने वेग कमी केला. रेडिओवर ऑरिनचा आवाज आला.

“लाँगलीफ, दोर टाकतो. घ्या.”

चरातल्या सगळ्या रेडिओंवर ते ऐकू गेलं. कोट घातलेला उंच माणूस वाकड्या डेकवर पुढे आला आणि एकेकाळच्या स्वतःच्याच बोटीवरून आलेला दोर त्याने झेलला. मिस ऑगस्टाने ओढ घेतली, पाणी घुसळलं, चिखल वर आला. लाँगलीफ इंचभर सरकली नाही. ऑरिनने दोर सोडला नाही. तो म्हणाला, मी खोल पाण्यात इथेच नांगर टाकतो, तुमची बोट आडवी झाली की माझ्याकडे येऊन बसा. मग त्याने विचारलं, “इतक्या आत तुम्ही आलात कसे? इथून यायला सांगितलं कुणी?”

व्हर्नाला दुर्बिणीतून प्रेंटिस दिसत होता. तो मार्श हेनकडेच बघत होता. त्याला सगळं कळलं होतं, ते त्याच्या उभं राहण्यातच दिसत होतं.

“कुणी नाही,” प्रेंटिस म्हणाला. “खांब ओळखायला मीच चुकलो.”

व्हर्नाचं मस्तक फिरलं. चार वर्षांत आली नव्हती इतकी चीड तिला त्या एका वाक्याने आली. तीन हंगाम या माणसाने तिच्यापासून सत्य लपवलं, आणि आता तिचा सूडही तो लपवायला निघाला होता, स्वतःची चूक म्हणून खिशात घालायला. म्हणजे परत तोच मोठा, परत तोच भला. ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. तिची पत, तिची संध्याकाळची बैठक, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. आमच्याकडे चोराला एकवेळ जेवायला बोलावतील, पण खोटी खोली सांगणाऱ्याला नाही. हे व्हर्नाला पक्कं ठाऊक होतं. तिने माइकचं बटण दाबलं.

“मी सांगितलं,” ती म्हणाली. “साडेचार होतं, मी नऊ म्हणाले. जाणूनबुजून. मार्श हेनची व्हर्ना गॅस्किल बोलतेय, हॉयटची बायको. मिस ऑगस्टाने ती लाट मारली तेव्हा चाक या प्रेंटिसच्या हातात होतं. ऑरिनने बोट नंतर घेतलीय. त्याचा काडीचा दोष नाही, त्याला मी छळलं. आज संध्याकाळी त्याच्याकडे जा सगळे. आणि प्रेंटिस, माझ्या नवऱ्याचा कोट काढून ठेव.”

दुर्बिणीतून दिसलं ते इतकंच की प्रेंटिसने एकेक बटण सोडून कोट काढला, घडी केली, आणि कुठे ठेवावा ते न कळून हातात धरून उभा राहिला. व्हर्नाने दुर्बीण खाली ठेवली. तिला रडू आलं नाही आणि पस्तावाही झाला नाही. सूड तिचा होता आणि तो तिच्याच नावावर जमा झाला होता. तिने इंजिनाचा वेग वाढवला.

कालवा संपताना एक आंधळं वळण आहे. मागून येणाऱ्या एका बोटीने रेडिओवर विचारलं, पुढे पाणी किती आहे. पुढे मार्श हेनच होती. व्हर्नाने यंत्रावर पाहिलं आणि खरं तेच सांगितलं, अकरा फूट.

मागच्या बोटीने आभार मानले नाहीत. त्याच आवाजाने परत विचारलं, “आणखी कुणी आहे का पुढे? पाणी किती आहे, सांगेल का कुणी?”